'न्यू व्हेगास'वर समीक्षकांनी अन्याय केला, हे खरं नाही

'फॉलआउट' या गेमवर बेतलेल्या टीव्ही मालिकेच्या पहिल्या सीझनच्या शेवटी, २०२४ मध्ये, न्यू व्हेगास शहर पडद्यावर दिसलं आणि एक जुनी गोष्ट पुन्हा जोरात फिरू लागली. ती साधारण अशी: 'फॉलआउट: न्यू व्हेगास' हा व्हिडिओ गेम २०१० मध्ये आला तेव्हा समीक्षकांना तो कळलाच नाही. किरकोळ बगचा, म्हणजे प्रोग्रॅममधल्या चुकांचा, बाऊ करून त्यांनी गुण कापले आणि आधीच्या 'फॉलआउट ३'ला मात्र डोक्यावर घेतलं. समीक्षकांच्या गुणांची सरासरी काढणाऱ्या मेटाक्रिटिक या साइटवर एक गुण कमी पडला म्हणून गेम बनवणाऱ्या ऑब्सिडियन कंपनीचा बोनस बुडाला आणि माणसांच्या नोकऱ्या गेल्या. माझ्या मते हा 'फॉलआउट'च्या गेममधला सर्वांत चांगला गेम आहे. म्हणूनच त्याच्या नावावर ही कहाणी खपवली जाते याचा मला राग येतो.

'कळलाच नाही' हे तर सरळ चूक आहे. पीसी आणि एक्सबॉक्स ३६०वर त्याची सरासरी शंभरपैकी ८४ होती, प्लेस्टेशन ३वर ८२. याला नाकारणं म्हणत नाहीत. आज आपण ज्याचं कौतुक करतो, म्हणजे लेखन, एनसीआर, सीझरची लीजन आणि मिस्टर हाउस या गेममधल्या सत्तास्पर्धकांमधली रस्सीखेच, आपल्या निर्णयांचे दूरवर उमटणारे परिणाम, त्याचं कौतुक तेव्हाच्या रिव्ह्यूंमध्येही आहे. गेम दुर्लक्षित राहिला असंही नाही. महिन्याभरात पन्नास लाख प्रती दुकानांत पोचल्याचं प्रकाशक बेथेस्डाने जाहीर केलं होतं.

आता बग. इथे जरा थांबायला हवं, कारण सगळी कहाणी 'किरकोळ' या एका शब्दावर उभी आहे. रिलीजच्या आठवड्यातला तो व्हिडिओ आठवा. डोक्यात गोळी लागलेला कुरिअर, म्हणजे आपण खेळतो ते पात्र, गुडस्प्रिंग्ज गावात शुद्धीवर येतो. समोर डॉक मिचेल बसलेला आहे, शांतपणे विचारपूस करतोय, आणि त्याचं डोकं मानेवर गरागरा फिरतंय. गेमचा हा पहिलाच प्रसंग! तो निदान हसण्यावारी नेता आला असता. पण गेम मध्येच बंद पडत होता, क्वेस्ट, म्हणजे खेळातल्या कामगिऱ्या, अडकत होत्या, सेव्ह फाइल खराब होत होत्या. इतक्या लांबलचक आरपीजीत (भूमिका घेऊन खेळायच्या गेममध्ये) सेव्ह जाणं म्हणजे सगळ्या खेळावर पाणी पडणं.

बग किरकोळ होते असं सांगणारे आज गेम कसा खेळतात तेही बघा. ३२ बिटांचा प्रोग्रॅम असल्यामुळे मूळ गेमला दोन जीबीपलीकडे मेमरी वापरता येत नाही, म्हणून आधी ती मर्यादा वाढवणारा ४ जीबीचा पॅचर. मग क्रॅश थांबवणारा मॉड, म्हणजे चाहत्यांनी केलेली जोडणी. मग चाहत्यांनी वर्षानुवर्षं खपून तयार केलेला अनधिकृत पॅच. एवढं झाल्यावर 'न्यू गेम'चं बटण. प्लेस्टेशन ३वर यातलं काहीच नव्हतं. तिथे सेव्ह जसजशी फुगत जाई तसतसा गेम अडखळायला लागे. ऑक्टोबर २०१०च्या समीक्षकाच्या हातात यातला एकही उपाय नव्हता. 'ओल्ड वर्ल्ड ब्लूज' आणि 'लोनसम रोड' हे वाढीव भागही नव्हते, ते २०११ मध्ये आले. जो गेम त्याने खेळला, त्याचेच गुण त्याने दिले.

'फॉलआउट ३'शी केलेल्या तुलनेत मात्र तथ्य आहे. पीसीवर त्याला ९१ मिळाले, आणि बग त्यातही होतेच. व्हॉल्ट १०१ या भूमिगत आश्रयाचं दार उघडून वॉशिंग्टनच्या अवशेषांकडे पहिल्यांदा पाहताना २००८ मध्ये जे नवल वाटलं, त्याच्या भरात समीक्षकांनी बरंच माफ केलं. दोन वर्षांनी तेच इंजिन, तोच चेहरामोहरा, तेव्हा माफी आटली. गुडस्प्रिंग्जच्या उत्तरेला कॅझाडोर आणि डेथक्लॉ हे जीवघेणे प्राणी बसवून ऑब्सिडियन नवख्या खेळाडूला दक्षिणेचा लांबचा रस्ता धरायला लावतं. कुणाला त्यात मोकळेपणा कमी झालेला दिसतो. मला त्यात उत्तम रचना दिसते, कारण धाडस करून उत्तरेने निसटणंही शक्य आहे. हा मतभेद झाला. अन्याय नव्हे.

राहिला बोनस. ८५ किंवा त्याहून अधिक सरासरी असेल तरच बोनस, रॉयल्टी नाही, ही अट ऑब्सिडियनचे सहसंस्थापक ख्रिस अव्हेलोन यांनी २०१२ मध्ये स्वतःच सांगितली. अट वाईटच होती. पण ती घातली समीक्षकांनी नाही. मेटाक्रिटिक वेगवेगळ्या प्रकाशनांना वेगवेगळं वजन देतं आणि ते वजन जाहीर करत नाही. मग आपल्या एका गुणाने सरासरी कुठे सरकेल, हे समीक्षकाला कळणार कसं? आणि कळलं, तरी पैसे मोजणाऱ्या वाचकाला सोडून त्याने डेव्हलपरच्या करारासाठी गुण वाढवावेत, अशीच ही मागणी आहे. मला ती मान्य नाही. दीड वर्षात एवढा मोठा गेम करून घ्यायचा आणि बोनस अशा आकड्याला बांधायचा, राग या पद्धतीवर काढा.

नोकऱ्यांचं तर आणखी वेगळं आहे. ऑब्सिडियनमधली ती कपात मार्च २०१२ मधली, गेम आल्यानंतर जवळपास दीड वर्षाने झालेली. मायक्रोसॉफ्टने पुढच्या एक्सबॉक्ससाठी चाललेला त्यांचा 'स्टॉर्मलँड्स' हा प्रकल्प रद्द केला आणि त्यामुळे माणसं घरी गेली. एका गुणाची गोष्ट सांगणाऱ्यांच्या तोंडी या प्रकल्पाचं नावही येत नाही.