पोलिस रिपोर्टसाठी ‘फोया’ टाकू नका

कॅलिफोर्नियातल्या मराठी व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक मेसेज फिरत असतो. त्याचा मजकूर थोडक्यात असा: ‘काउंटीकडून पोलिस रिपोर्ट हवा असेल तर फोयाचा अर्ज टाका, हे अमेरिकेचं आरटीआय आहे. अर्ज फक्त सिटिझनला करता येतो, व्हिसावर असाल तर वकील करा. 20 दिवसांत पूर्ण फाइल द्यावीच लागते, नाहीतर अधिकाऱ्याला दंड होतो.’

पाठवणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, यात मला शंका नाही. पण बे एरियात, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या भागात, ओळखीपाळखीच्या लोकांना असे अर्ज लिहायला मी मदत करते, आणि या मेसेजवर विसंबून महिना वाया घालवलेली माणसं मी पाहिली आहेत. ज्यांना तो कागद सर्वांत आधी हवा असतो, त्यांचंच यात सर्वांत जास्त नुकसान होतं. म्हणून एकेक मुद्दा घेते.

पहिला मुद्दा फोयाचा, म्हणजे फ्रीडम ऑफ इन्फर्मेशन अ‍ॅक्टचा. हा 1966 चा कायदा आहे आणि तो फक्त केंद्र सरकारच्या खात्यांना लागू होतो: एफबीआय, इमिग्रेशन, परराष्ट्र खातं. काउंटीचा, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या विभागाचा, शेरीफ (तिथला पोलिसप्रमुख) किंवा शहराचे पोलिस त्यात येत नाहीत. आपल्याकडे आरटीआय दिल्लीच्या मंत्रालयापासून गावच्या ग्रामपंचायतीपर्यंत सगळीकडे चालतो, म्हणून इथेही तसंच असेल असं आपण धरून चालतो. इथे प्रत्येक राज्याचा कायदा वेगळा. कॅलिफोर्नियात पब्लिक रेकॉर्ड्स अ‍ॅक्ट आहे, न्यू जर्सीत ओप्रा (ओपन पब्लिक रेकॉर्ड्स अ‍ॅक्ट). इलिनॉय आणि व्हर्जिनियाने आपापल्या राज्य कायद्यालाही फोयाच्याच धर्तीवर नाव दिलं आहे, त्यामुळे गोंधळ आणखी वाढतो. पुढचं सगळं मी कॅलिफोर्नियापुरतं सांगते आहे.

त्याआधी एक गोष्ट, जी मेसेजमध्ये नाहीच: अर्ज कोणाकडे करायचा? क्युपर्टिनोत घटना घडली असेल तर तिथे शहराचं वेगळं पोलिस खातं नाही, कंत्राटाने सांता क्लारा काउंटीचा शेरीफच काम बघतो. शेजारच्या सनीव्हेलचं स्वतःचं पब्लिक सेफ्टी खातं आहे, पोलिसांचं काम तेच बघतं. सॅन होजेचे पोलिस वेगळे. आणि 280 या फ्रीवेवर गाडी ठोकली तर रिपोर्ट हायवे पट्रोलकडे, म्हणजे राज्याच्या महामार्ग पोलिसांकडे, असतो. पत्ता क्युपर्टिनोचा म्हणून शेरीफकडे अर्ज केला आणि अपघात फ्रीवेवरचा निघाला, तर उत्तर एकच येतं: आमच्याकडे असा रिपोर्ट नाही. तेव्हा घटनास्थळी आलेल्या अधिकाऱ्याच्या खात्याचं नाव आणि त्याने दिलेला केस नंबर, या दोन गोष्टी आधी कागदावर लिहून ठेवा.

‘फक्त सिटिझन’ हे तर साफ चूक आहे. कॅलिफोर्नियाच्या कायद्यात शब्द ‘व्यक्ती’ असा आहे. एच-4 वर, म्हणजे जोडीदाराच्या नोकरीच्या व्हिसामुळे मिळालेल्या व्हिसावर असा, विद्यार्थी असा किंवा सुनेच्या बाळंतपणासाठी पुण्याहून आलेली आई असा, अर्ज करता येतो. माहिती कशासाठी हवी, हे सांगायची सर्वसाधारणपणे सक्ती नाही. उलट नागरिकत्वाची अट आहे ती आपल्या आरटीआयमध्ये. व्हर्जिनियात मात्र राज्याच्या रहिवाशांपुरताच हक्क आहे आणि अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये तो निर्बंध वैध ठरवला. मेसेजमधलं वाक्य कदाचित तिथूनच वळून आलं असेल.

यामागची खरी भीती वेगळी असते: अर्ज केला तर व्हिसाला धक्का लागेल का? कॅलिफोर्नियात 2018 पासून लागू असलेल्या कायद्याने स्थानिक पोलिसांना इमिग्रेशन स्टेटस विचारायला मनाई आहे. स्वतःच्या प्रकरणातला गोपनीय रिपोर्ट मागताना फोटो असलेलं ओळखपत्र लागतं, कारण तो भलत्याच्या हाती पडू नये. अर्ज लिहायला वकील लागत नाही. पब्लिक रेकॉर्ड्स अ‍ॅक्टखाली खातं प्रतीचा खर्च घेऊ शकतं, कागद शोधायला लागलेल्या वेळाचा नाही.

आता ‘20 दिवस’ आणि ‘पूर्ण फाइल’. हे दोन मुद्दे एकत्रच घ्यायला हवेत, कारण घात इथेच होतो.

कॅलिफोर्नियात मुदत 10 दिवसांची आहे. पण ती कागद हातात देण्याची नाही, देता येईल की नाही हे कळवण्याची. ठरावीक कारणांसाठी ती आणखी 14 दिवस वाढवता येते. आणि पोलिसांच्या तपासाची फाइल सर्वसाधारण जनतेला द्यायची सक्ती नाही. तपास संपल्यावर तरी मिळेल, असं पुष्कळांना वाटतं. तेही नाही. सॅन बर्नार्डिनो काउंटीच्या शेरीफविरुद्धच्या प्रकरणात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने 1993 मध्येच सांगितलं की तपास संपला म्हणून फाइल न देण्याची ही सूट संपत नाही. 2019 पासून पोलिसांनी केलेला गोळीबार, गंभीर बळाचा वापर यांसारख्या प्रकरणांच्या नोंदी खुल्या झाल्या, पण तो वेगळा विषय.

मग सामान्य माणसाला काय मिळतं? इथे ‘मी कोण’ हे सांगणं फार महत्त्वाचं ठरतं. निव्वळ जनता म्हणून मागितलं तर थोडं मिळतं. पीडित म्हणून मागितलं तर दार बरंच जास्त उघडतं: साक्षीदारांची नावं, जबाब, नुकसानीचा तपशील, तेही तुम्हाला आणि तुमच्या विमा कंपनीला. अपघाताचा रिपोर्ट गोपनीय असतो, पण चालक, जखमी, गाडीचा मालक अशांना तो मिळतो. हायवे पट्रोलकडे त्यासाठी सीएचपी 190 नावाचा फॉर्म आहे. कोणी तुमच्या नावाने कर्ज काढलं असेल, तर राहत्या ठिकाणच्या पोलिसांनी तुमची तक्रार नोंदवून प्रत दिली पाहिजे, असा स्वतंत्र कायदा आहे.

आणि घरगुती हिंसा. याबद्दल मला जरा सविस्तर बोलायचं आहे.

मारहाण झाली, 911 या आपत्कालीन नंबरला फोन केला, अधिकारी येऊन गेले. बाईला कोर्टाकडून नवऱ्याविरुद्ध तात्पुरता संरक्षण आदेश मिळाला. त्यावरची सुनावणी साधारण 21 दिवसांत लागते. त्या सुनावणीत पोलिस रिपोर्ट जवळ असणं खूप मोलाचं असतं. अशा वेळी तिला कोणी सांगितलं की फोया टाक आणि 20 दिवस थांब, तर काय होईल? फोयाचे ते 20 दिवस कामकाजाचे असतात, म्हणजे चार आठवडे. उत्तराची वाट बघण्यात सुनावणी होऊन जाते. आणि चार आठवड्यांनी येणारं उत्तरही नकाराचंच असणार, कारण अर्जच चुकीच्या कायद्याखाली गेला.

तिच्यासाठी कॅलिफोर्नियाच्या फॅमिली कोडमध्ये 6228 हे कलम आहे. रिपोर्टचं पहिलं पान, ज्याला फेस शीट म्हणतात, ते मागितल्यापासून 48 तासांत द्यायचं. पूर्ण घटना-अहवाल कामकाजाच्या 5 दिवसांत. सबळ कारण असेल तर पहिल्यासाठी 5 आणि दुसऱ्यासाठी 10 कामकाजाचे दिवस, त्यापुढे नाही. फी शून्य. लैंगिक अत्याचार, पाठलाग, मानवी तस्करी आणि ज्येष्ठांचा छळ यांच्या पीडितांनाही हा हक्क आहे. पोलिस खात्याच्या रेकॉर्ड्सच्या खिडकीवर जाऊन एवढंच म्हणायचं: या केस नंबरमधली पीडित मी आहे, फॅमिली कोड 6228 खाली मला प्रत हवी आहे. हे कलम लिहिलेली चिठ्ठी एका मैत्रिणीच्या पर्समध्ये मी स्वतः ठेवली होती. आधी तिला त्याच खिडकीवरून ‘ऑनलाइन अर्ज करा’ म्हणून परत पाठवलं होतं. चिठ्ठी दाखवल्यावर फेस शीट त्याच दिवशी मिळाली.

राहिला दंड. आरटीआयमध्ये माहिती अधिकाऱ्याला दिवसाला 250 रुपये, कमाल 25,000 पर्यंत दंड होऊ शकतो. कॅलिफोर्नियाच्या कायद्यात असा दैनिक दंड नाही आणि अपिलासाठी माहिती आयोगही नाही. नकार आला तर काउंटीच्या सुपिरियर कोर्टात जायचं. तिथे जिंकलात तर तुमच्या वकिलाची फी त्या खात्याला भरावी लागते. त्यामुळे पत्रात दंडाची धमकी लिहून उपयोग नाही. नकार कोणत्या कलमाखाली दिला ते लेखी मागा, त्याचा उपयोग होतो.

मुदतीची आणखी एक गोष्ट. कायद्याने काउंटीला 911 च्या फोनचं आणि रेडिओवरच्या संभाषणाचं रेकॉर्डिंग 100 दिवसांनंतर नष्ट करायची मुभा आहे. तुमच्या प्रकरणात तो आवाज पुरावा असेल, तर रिपोर्टच्या अर्जाची वाट बघू नका. तारीख, वेळ, पत्ता आणि केस नंबर घालून ‘हे रेकॉर्डिंग जपून ठेवा’ अशी ईमेल त्याच आठवड्यात पाठवा, आणि ती पोचल्याचं उत्तर सांभाळून ठेवा.