'अभ्यास वाढवा' म्हणणाऱ्या छद्मवेशी यांना

छद्मवेशी साहेब,

प्रतिक्रिया वाचली. चहा गार होईपर्यंत वाचली. डेनिसन स्मॉकवरच्या (दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश छत्रीसैनिकांचा ढगळ अंगरखा) माझ्या लेखावर तुमचं म्हणणं असं, की जुन्या बाजारात मिळालेला माझा पीस रिप्रो, म्हणजे नव्याने शिवलेली नक्कलच असणार, शिलाईचा दोरा यूव्ही (अतिनील) टॉर्चखाली चमकतो का बघा, चमकला तर तो युद्धानंतरचा, हाफ झिपवरून काही सिद्ध होत नाही आणि शेवटी, "अभ्यास वाढवा".

तुमचं बरोबर आहे ते आधी सांगून टाकतो. एके ठिकाणी मी त्याला 'जॅकेट' म्हटलं, ते चुकलं. युद्धातला डेनिसन डोक्यातून घालायचा, झिप छातीपर्यंतच, पूर्ण झिप १९५९ च्या पॅटर्नला आली. दुरुस्त केलंय, धन्यवाद वगैरे.

आता अभ्यास. अहो, माझे वडील खडकीला डेपोत कारकून होते. आमच्याकडे भाजीला पिशवी नव्हती, पॅटर्न ३७ चा हॅवरसॅक (ब्रिटिश फौजेची पाठपिशवी) होता, पावसात भिजला की त्याचा ब्लँको, म्हणजे वर फासलेला रंग, कोथिंबिरीला लागायचा आणि आईची बोलणी मी खायचो. ब्रॉड अ‍ॅरोचा, म्हणजे ब्रिटिश सरकारी मालावरच्या बाणाचा, शिक्का मी बाराखडीच्या आधी ओळखायला लागलो. आठवीपासून बुधवारी शाळा बुडवून आणि रविवारी उघडपणे जुन्या बाजारात जातोय, तिथले चाचा माल सोडताना आधी मला हाक मारतात. हा अभ्यास नाही तर काय आहे? चार व्हिडिओ बघून दुसऱ्याची अक्कल काढणं म्हणजे अभ्यास असेल तर तो तुम्हालाच लखलाभ. (जरा खालच्या पातळीचं झालं, पण सुरुवात तुम्ही केलीत.)

शिवाय माझ्या पीसला मागची शेपटी आहे, पायांमधून पुढे घेऊन टिचबटणं लावायची ती, उडी मारताना स्मॉक वर चढू नये म्हणून. रिप्रोलाही असते म्हणाल. म्हणा.

राहिला टॉर्च. लावून बघितला, चमकतो. चमकणारच! सौ.नी न विचारता स्मॉक मशीनला टाकला, पावडरीतले ब्राइटनर कापडात बसतात, मग खरं १९४४ चं कापडसुद्धा निळसर उजळतं. आता कापड कमी आणि दोराच जास्त उजळतो हे खरंय, पण त्यात मी आत्ता शिरत नाही. झिपचंही परत कधीतरी.

एवढीच खुमखुमी असेल तर येत्या रविवारी अकरा वाजता बाजारात या, स्मॉक घेऊन येतो. टॉर्च घरीच ठेवा, उन्हात काही दिसत नाही त्याने.