‘कागदच सुरक्षित’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

डॉक्टरांच्या तीन वेगवेगळ्या ग्रुपवर मला एकच मेसेज आला. पेशंटचं रेकॉर्ड कॉम्प्युटरवर ठेवू नका, असं तो सांगतो. कारणं पाच. कागद हॅक होत नाही. कोर्टात कॉम्प्युटरचं रेकॉर्ड टिकत नाही. आभा नंबर (पेशंटच्या आरोग्यनोंदी जोडणारा सरकारी नंबर) जोडला की पेशंटची सगळी माहिती सरकारकडे आणि तिथून विमा कंपन्यांकडे जाते. कॉम्प्युटरने औषधांच्या चुका वाढतात, हे अमेरिकेत सिद्ध झालंय. आणि स्क्रीनकडे बघता बघता पेशंटकडे बघायचं राहून जातं.

मी तालुक्याच्या गावात जनरल प्रॅक्टिस करतो. पहिली पंधरा वर्षं केसपेपरवर काढली, त्यानंतरची आठ कॉम्प्युटरवर. नुकसान दोन्हीकडे सोसलंय. मेसेजमधलं सगळंच खोटं नाही, म्हणून तर तो इतका पटतो. पण तो ज्या निष्कर्षावर येतो त्याने पेशंटचं नुकसान होईल, असं मला मनापासून वाटतं.

‘कागद हॅक होत नाही’

होत नाही. पण भिजतो, वाळवी खाते, चुकीच्या फायलीत जातो, आणि त्याची दुसरी प्रत कुठेच नसते. २२ जुलै २०२१ ला चिपळूणमध्ये पाणी शिरलं तेव्हा तळमजल्यावरच्या कपाटांतल्या कागदांचं काय झालं, हे कोकणातल्या कुणालाही विचारा. शिवाय दवाखान्यातलं कपाट कोण उघडतं, कुणाचा एचआयव्हीचा रिपोर्ट कोण वाचतं, याचा मागमूसही राहत नाही. कुणी वाचलं नाही असं आपण फक्त धरून चालतो.

यावर ‘एम्सचं काय झालं?’ हा प्रश्न येतो, आणि तो रास्त आहे. २३ नोव्हेंबर २०२२ ला दिल्लीच्या एम्सच्या सर्व्हरवर रॅन्समवेअरचा, म्हणजे फाइलींना कुलूप घालून खंडणी मागणाऱ्या सॉफ्टवेअरचा, हल्ला झाला आणि जवळपास दोन आठवडे तिथलं काम हाताने चालवावं लागलं. छोट्या दवाखान्याला कोण विचारतो, या भ्रमातही राहू नका. घातक फाइल जोडलेली ईमेल पत्ता बघून येत नाही, ती सगळ्यांनाच जाते. यावरचा उपाय म्हणजे बॅकअप, आणि तो नीट घेतलेला. एकूण तीन प्रती, त्या दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतली एक दवाखान्याबाहेर. कॉम्प्युटरला कायम लावून ठेवलेली हार्ड डिस्क धरू नका, कारण रॅन्समवेअर तिलाही कुलूप घालतं.

इथे मी स्वतः ठेच खाल्ली आहे. पहिल्या वर्षी रोज रात्री ‘बॅकअप पूर्ण’ असा हिरवा संदेश यायचा आणि मी निश्चिंत मनाने घरी जायचो. मग हार्ड डिस्क बंद पडली. बॅकअप उघडला तर त्यात सॉफ्टवेअरच्या फाइली होत्या, पेशंटच्या नोंदींचा फोल्डर निवडलेलाच नव्हता. चार महिन्यांच्या नोंदी गेल्या. आता दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी एका जुन्या लॅपटॉपवर बॅकअप उतरवतो आणि कुठलेही तीन पेशंट उघडून बघतो. वीस मिनिटं लागतात. टेबलाच्या खणात कोरे केसपेपरही ठेवले आहेत. वीज किंवा इंटरनेट गेलं की त्यांवर लिहायचं आणि त्याच संध्याकाळी आत चढवायचं.

‘कोर्टात टिकत नाही’

हे सरळ चुकीचं आहे. इलेक्ट्रॉनिक नोंदींना माहिती तंत्रज्ञान कायद्याने २००० सालीच मान्यता दिली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये अशी नोंद पुरावा म्हणून कशी द्यायची ते लिहिलंय. सोबत प्रमाणपत्र लागतं, त्याचा एक भाग सादर करणाऱ्याचा आणि दुसरा तज्ज्ञाचा. वैद्यक परिषदेचे २००२ चे आचारनियम तर रेकॉर्ड कॉम्प्युटरवर आणण्याचा प्रयत्न करा, असंच सांगतात. पेशंटने मागितलं तर ७२ तासांत कागदपत्रं द्या, हेही त्याच नियमांत आहे. तीन वर्षांपूर्वीचा केसपेपर कपाटातून तेवढ्या वेळात काढून दाखवणं किती जणांना जमेल?

मात्र कोर्टात वजन पडतं ते कोणी, कधी, काय लिहिलं आणि नंतर काय बदललं याच्या आपोआप राहणाऱ्या नोंदीला. वर्डच्या फाइलमध्ये हिस्ट्री लिहून ठेवलीत तर ती सोय नाही. आणि डॉक्टर, सिस्टर, रिसेप्शनिस्ट असे सगळे एकाच पासवर्डवर काम करत असतील तर चांगल्या सॉफ्टवेअरमधली ती नोंदही फुकट जाते. प्रत्येकाला स्वतःचं लॉगिन द्या. माणूस काम सोडून गेला की त्याच दिवशी त्याचं लॉगिन बंद करा.

‘आभा म्हणजे सगळं सरकारकडे’

आभा हा १४ अंकी नंबर आहे आणि तो काढणं ऐच्छिक आहे. ज्या सरकारी योजनेखाली तो मिळतो त्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनची रचना अशी की रेकॉर्ड जिथे तयार झालं तिथेच राहतं, म्हणजे माझ्याकडचं माझ्याकडे, लॅबचं लॅबकडे. दुसऱ्या डॉक्टरला ते बघायचं असेल तर पेशंटची संमती लागते, आणि कोणती माहिती व किती काळासाठी, हेही त्या संमतीत ठरतं. नंबर जोडला की विमा कंपनीला फाइल उघडी झाली, असं होत नाही.

काळजी करायची ती वेगळ्या जागी. आजीबाई मोबाइल पुढे करतात, रिसेप्शनवरची मुलगी ओटीपी वाचून टाकते, आणि कशाला होकार दिला हे आजींना कुणी सांगतच नाही. याला संमती म्हणता येणार नाही. माझ्याकडे दोन वाक्यं मराठीत सांगितल्याशिवाय ओटीपी घ्यायचा नाही, असा नियम आहे. नको म्हणणाऱ्याला तपासणी तशीच मिळते.

आणि गोपनीयतेची चाड असेल तर सुरुवात आपल्या व्हॉट्सअ‍ॅपपासून करू या. ज्या ग्रुपवर हा मेसेज आला त्याच ग्रुपवर आदल्या दिवशी नाव-वयासकट एक ईसीजी पडला होता. आपण सगळ्यांनी तो पाहिला, त्यावर मतंही दिली. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात सुरक्षेची वाजवी काळजी न घेतल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. पण दंडाचा विचार क्षणभर बाजूला ठेवा. तो ईसीजी आपल्या आईचा असता तर?

‘कॉम्प्युटरने चुका वाढतात’

मेसेजमधला हा सगळ्यांत दमदार मुद्दा. २००५ मध्ये पिट्सबर्गच्या मुलांच्या हॉस्पिटलमधला अभ्यास ‘पीडिअ‍ॅट्रिक्स’ या नियतकालिकात आला. औषधांच्या ऑर्डर कॉम्प्युटरवर देणं सुरू झाल्यावर, बाहेरून पाठवलेल्या मुलांमधलं मृत्यूचं प्रमाण २.८० टक्क्यांवरून ६.५७ टक्क्यांवर गेलं होतं. मेसेज इथे थांबतो. खरी शिकण्यासारखी गोष्ट त्याच्या पुढे आहे. आधी मूल रुग्णवाहिकेत असतानाच ऑर्डर लिहून औषधं तयार ठेवली जायची. नव्या पद्धतीत मूल पोहोचून त्याची नोंदणी होईपर्यंत ऑर्डरच देता येईना. आयसीयूमधली औषधं मध्यवर्ती फार्मसीत हलवली गेली. आणि हा सगळा बदल सहा दिवसांत उरकला. पुढे २०१० मध्ये स्टॅनफर्डच्या मुलांच्या हॉस्पिटलचा अभ्यास आला. तिथे अशाच पद्धतीनंतर मृत्युदर २० टक्क्यांनी कमी झाला होता. यंत्र त्याच जातीचं होतं. ते कामाच्या रीतीत कसं बसवलं, यात फरक होता.

माझ्या टेबलावरची चूक सांगतो. एकाच गावच्या, एकाच नावा-आडनावाच्या दोन बाया माझ्या पेशंट आहेत. एकीची स्क्रीन उघडी होती, मध्ये फोन आला, तेवढ्यात दुसरी येऊन बसली. मी तिला तपासलं आणि उघड्या स्क्रीनवरूनच मागची औषधं पुन्हा दिली. चिठ्ठी हातात घेऊन ती दारातून परत आली. “डॉक्टर, ही गोळी जाऊबाईंना शुगरसाठी देतात ती ना? मला कुठं शुगर आहे?” ग्लिमेपिराइड होती. तिने ती घेतली असती तर काय झालं असतं, या विचाराने त्या रात्री मला झोप लागली नाही.

तेव्हापासून लिहिण्याआधी मी नाव, वय आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव तोंडी विचारतो. पेशंटचा फोटो स्क्रीनच्या कोपऱ्यात दिसतो. एका वेळी एकच पेशंट उघडा. ड्रॉपडाउनमध्ये औषधांची नावं शेजारशेजारी असतात, म्हणून छापलेली चिठ्ठी वाचल्याशिवाय मी सही करत नाही. मागच्या भेटीची तपासणी कॉपी करून चिकटवणं बंद केलं, कारण त्याने न तपासलेली छातीही वर्षभर ‘क्लिअर’ राहते.

इशाऱ्यांचंही तसंच. २००६ च्या एका आढाव्यात दिसलं की औषधांच्या सुरक्षेचे ४९ ते ९६ टक्के इशारे डॉक्टर डावलतात. प्रत्येक गोळीला लाल खिडकी उघडली की बोट आपोआप ‘पुढे’वर जातं, आणि त्यात पेनिसिलिनच्या अ‍ॅलर्जीचा इशाराही जातो. मी किरकोळ इशारे बंद केले. अ‍ॅलर्जी, गरोदरपण, मूत्रपिंडाचा विकार आणि वॉरफरिन (रक्त पातळ ठेवणारं औषध), एवढेच चालू ठेवले. आता खिडकी उघडली की हात थांबतो.

‘पेशंटकडे बघायला वेळ राहत नाही’

अमेरिकेत २०१६ मध्ये डॉक्टरांच्या कामाचं निरीक्षण झालं, तेव्हा पेशंटसोबतच्या एका तासामागे जवळजवळ दोन तास कॉम्प्युटरवर आणि टेबलावरच्या कामात जातात असं आढळलं. तिथे बिलिंगसाठी लागणाऱ्या नोंदींचा पसारा मोठा आहे, तो आपण ओढवून घ्यायचं कारण नाही. मी ठरावीक रकान्यांत चारच गोष्टी भरतो: अ‍ॅलर्जी, वजन, चालू औषधं, जुने आजार. बाकी दोन ओळी मोकळ्या मजकुरात. वजन आणि बीपी सिस्टर बाहेरच भरते.

आणि स्क्रीन भिंतीकडे होती ती मी टेबलाच्या बाजूला आणली, आम्हा दोघांना दिसेल अशी. परवा एक काका वर्षभराच्या शुगरची रेघ त्यावर बघत होते. ऑक्टोबरपाशी बोट ठेवून म्हणाले, “इथं दिवाळी होती.” मग गोळ्या चुकल्याचं आपणहून सांगितलं.