मोडायचं तर टिकाऊ मोडा

इंग्लंडात राहून घरच्या दुखणेकऱ्याचं करणाऱ्या समस्त सुना, लेकी आणि नवरोबांना एक आगाऊ सल्ला: पडायचंच असेल तर नियम वाचून पडा. ज्यांच्या व्हिशावर ‘सरकारी मदत नाही’ असा शेरा आहे, त्यांनी पुढचं करमणूक म्हणून वाचावं.

समजा, सासूबाईंना अटेंडन्स अलाउन्स (देखभाल लागणाऱ्या वयस्करांचा सरकारी भत्ता) मिळतो आणि त्यांचं सगळं तुम्ही करता. आंघोळ, गोळ्या, रात्री दोनदा उठवून बाथरूमला नेणं. आठवड्याला किमान ३५ तास हे केलंत, तर सरकार तुम्हाला केअरर्स अलाउन्स देतं. २०२५-२६ चा दर आठवड्याला ८३ पौंड ३० पेन्स. तासाचा भाव काढू नका, उगाच रक्तदाब वाढतो. (काढलाच असेल तर २ पौंड ३८ पेन्स. दुकानात शेल्फवर माल लावणाऱ्याचं त्या वर्षीचं किमान वेतन १२ पौंड २१ पेन्स.) सासरेही अंथरुणाला खिळले असतील तर पुण्य दुप्पट, पैसे तेवढेच.

आणि कुरकुर नको. १९७६ साली हा भत्ता सुरू झाला तेव्हा विवाहितेला तो मिळतच नव्हता. ती घरीच तर असणार, असं सरकारने धरून चाललं होतं. जॅकलिन ड्रेक नावाची बाई आईचं करत होती. तिचं प्रकरण थेट युरोपीय न्यायालयात गेलं, तेव्हा कुठे १९८६ मध्ये नियम बदलला. ‘ती घरीच तर असते’ हे आपल्या घरांतून मात्र अजून कोणत्याही न्यायालयाने काढलेलं नाही.

असो. तर तुम्ही जिन्यावरून घसरलात. उजवं मनगट प्लास्टरमध्ये, गोळ्यांच्या डबीचं झाकण दातांनी उघडताय, आणि आतून आवाज येतो, “अगं, चहाचं काय झालं?” अशा वेळी रडू नका, हिशेब करा. सेवेत खंड पडला तर साधारणपणे २६ आठवड्यांत ४ आठवडे भत्ता चालू राहतो. पण त्या काळात तुम्ही हॉस्पिटलात असाल तर ही सवलत १२ आठवड्यांपर्यंत जाते. म्हणजे घरच्या सोफ्यावर कण्हणं हा शुद्ध आतबट्ट्याचा व्यवहार. पंचाईत एवढीच की मनगटासाठी एनएचएस, म्हणजे सरकारी आरोग्यसेवा, तुम्हाला खाट देत नाही. अर्धा दिवस प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून पॅरासिटामॉल हातात ठेवतात. मग उरतो एकच मार्ग: देखरेखही सेवेत धरतात, तेव्हा सोफ्यावरूनच “आई, गॅस बंद करा!” असं ३५ तास ओरडत राहा.

पूर्वी नोकरीत राष्ट्रीय विम्याचे हप्ते पुरेसे भरले असतील, तर स्वतःच्या आजारपणाचा भत्ताही मागता येतो, २०२५-२६ मध्ये सुरुवातीला आठवड्याला ९२ पौंड ५ पेन्सपर्यंत. मागा, पण दोन्ही एकदम मिळतील अशा भ्रमात राहू नका. एका देहाला एका वेळी एकच आपत्ती, हे सरकारचं तत्त्व. मोठी रक्कम तेवढी मिळते. म्हणजे मनगट मोडून निव्वळ नफा ८ पौंड ७५ पेन्स.

त्यातून सुटणारा भत्ता एकच, पिप, म्हणजे दीर्घ आजार किंवा अपंगत्वासाठीचा भत्ता. तो दोन्हींबरोबर चालतो. पण त्यासाठी त्रास तीन महिने झालेला हवा आणि पुढे नऊ महिने टिकेल असं दिसायला हवं. मनगट सहा आठवड्यांत जुळतं. म्हणून म्हणतो, मोडायचं तर टिकाऊ मोडा. खुबा उत्तम.

खुब्याने जायबंदी होऊन पिपचा रोजच्या जगण्यासाठीचा भाग मिळालाच, तर आणखी एक सोय आहे. आता सासूबाई तुमच्या उशाशी ३५ तास बसून तुमच्यासाठी केअरर्स अलाउन्स मागू शकतात, त्याला वयाची वरची मर्यादा नाही. फक्त त्यांना पूर्ण सरकारी पेन्शन असेल तर उत्तर येतं की आपण पात्र आहात, रक्कम शून्य. ते पत्र फाडू नका. त्याच्या जोरावर पेन्शन क्रेडिटमध्ये (कमी उत्पन्नाच्या पेन्शनरांना मिळणाऱ्या पूरक रकमेत) चार पैसे जास्त मिळू शकतात. त्याचा अर्ज अर्थात वेगळा आहे, आणि तो भरायला धड उजवा हात लागतो.