ॲव्हरेज मीटरवर वाढलं, टाकीत नाही

सोलापुरातल्या पिकअपवाल्यांच्या मोबाइलवर एक मेसेज फिरतोय. मलाच तो सात जणांनी पाठवला. म्हणणं असं: मागच्या ॲक्सलमधला ११-४१ चा क्राऊन-पिनियन सेट (११ दातांचा छोटा पिनियन, ४१ दातांचा मोठा क्राऊन) काढा, १०-४१ टाका, ओढ वाढते आणि ॲव्हरेजही, आमचं लिटरला १२ चं १३.२ झालं. खाली आणखी तीन सल्ले. क्राऊनला दात जास्त तेवढी ओढ जास्त. गाडीत कुठला सेट आहे ते बघायला मागचं एक चाक उचलून एक फेरा फिरवा, जॉइंट (गियरबॉक्सपासून मागच्या ॲक्सलपर्यंतचा फिरता दांडा) घेईल तितके फेरे म्हणजे रेशो. आणि परवडत नसेल तर नुसता पिनियन बदला.

ओढीचं खरं आहे, ते आधीच मान्य करतो. रेशो म्हणजे क्राऊनचे दात भागिले पिनियनचे दात: ४१ ला ११ ने भागलं की ३.७३, १० ने भागलं की ४.१. प्रत्येक गियरमध्ये चाकाला १० टक्के जास्त जोर मिळतो. चादरी-टॉवेलच्या गाठी भरून तुळजापूरचा घाट चढताना तो कळतो.

पण १३.२? बारात १० टक्के मिळवा, बरोबर १३.२ येतात. रेशो जितका बदलला, तितकंच ॲव्हरेज वाढलं, अगदी दशांशापर्यंत! इथंच माझ्या मनात पाल चुकचुकली. ज्या गाड्यांचं मीटर गियरबॉक्सच्या मागच्या टोकावरून चालतं, त्यांत ते चाकाचे फेरे मोजत नाही, जॉइंटचे मोजतं. नव्या सेटने तेवढ्याच रस्त्याला जॉइंट १० टक्के जास्त फिरतो. गाडी १०० किलोमीटर गेली की मीटर ११० दाखवतं. म्हणजे मेसेजवाल्याचं खरं ॲव्हरेज होतं तिथंच आहे, बारावर.

मग इंजिन जास्त फिरूनही ते कमी का झालं नाही? वेगाचा काटाही त्याच हिशोबाने खोटं बोलतोय. काट्यावर ८० दिसतात तेव्हा गाडी ७३ ने चाललेली असते. इंजिनाचा आवाज नेहमीचाच, म्हणून शंका येत नाही. हळू चालवल्याने जे डिझेल वाचलं, त्याचं श्रेय बिचाऱ्या क्राऊनला गेलं. खरोखर ८० ने जायचं ठरवा. टायरचा घेर सुमारे २.२ मीटर धरला तर थेट गियरमध्ये (इंजिन आणि जॉइंट सारखेच फिरतात तो गियर) इंजिन मिनिटाला सुमारे २२६० ऐवजी २४८५ फेरे घेईल, आणि पुणे रोडला दिवसभर घेत राहील.

पडताळायला गॅरेज लागत नाही. महामार्गावर किलोमीटरचे २० दगड मोजा आणि मीटर बघा. २२ च्या आसपास आलं तर उत्तर मिळालं. चाकाच्या सेन्सरवरून वेग घेणाऱ्या गाड्यांत मात्र ही गडबड होत नाही.

दातांचं तर सरळच आहे. ११-४३ चा रेशो ३.९१. क्राऊनला दोन दात जास्त असूनही तो १०-४१ पेक्षा कमी ओढतो. ९-३७ चा क्राऊन दिसायला छोटा, पण रेशो ४.११. एकट्या क्राऊनचे दात मोजून काही कळत नाही, भागाकार करावाच लागतो.

चाक उचलण्याची युक्ती अर्धी बरोबर आहे, आणि अक्षरशः अर्धी. दुसरं चाक जमिनीवर असतं, त्यामुळे उचललेलं चाक एक फेरा फिरलं तरी आतल्या स्टार-पिनियनमुळे (दोन चाकांना वेगवेगळं फिरू देणारे छोटे गियर) क्राऊन अर्धाच फिरतो. जॉइंटचे दोनच फेरे भरतात आणि माणूस समजतो आपला रेशो दोन! ठळक फरक दिसायला चाक वीस वेळा फिरवा. जॉइंटचे ३७ च्या किंचित पुढे भरले तर ११-४१, पूर्ण ४१ भरले तर १०-४१. चाकावर आणि जॉइंटवर खडूची खूण करा. गाडी न्यूट्रलला हवी. हँडब्रेक मागची चाकं धरतो, म्हणून तोही सोडावा लागतो. तेव्हा आधी पुढच्या चाकांना दोन्हीकडून दगड लावा. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली कुणी शिरू नका, ॲक्सलखाली घोडी (लोखंडी स्टँड) लावा.

नुसता पिनियन बदलण्याचा सल्ला ज्याने दिला, त्याने हौसिंग, म्हणजे हा सेट बसतो ती ॲक्सलची पेटी, कधी उघडलं नसावं. क्राऊन आणि पिनियन कारखान्यातच एकमेकांवर घासून जोडीने तयार होतात, जोडीचा नंबरही दोघांवर असतो. दहा दातांचा पिनियन अकरावाल्याच्या क्राऊनवर नीट बसतच नाही. आधी घूं-घूं आवाज, मग दात उडणार. पूर्ण सेट घ्या, आणि शिम (पातळ पत्र्याच्या चकत्या) लावून, दातांना ब्लू (निळा रंग) लावून ते कुठे टेकतात ते बघणाऱ्या मिस्त्रीकडेच बसवा.

मार्केट यार्डात कांदा भरून आडवाटेच्या गावांत फिरणाऱ्याला, पहिल्या गियरला क्लच जळणाऱ्याला १०-४१ चा उपयोग होईल. ज्याच्या दहातल्या आठ फेऱ्या पुण्याच्या, त्याने कंपनीचा सेट हलवू नये. आणि कुणी उंच टायर टाकून वर ‘ओढ गेली’ म्हणत असेल, तर टायर ५ टक्के उंच म्हणजे ओढ जवळपास ५ टक्के कमी. हौसिंग खोलण्याआधी जुन्या मापाचे टायर चढवून एक फेरी मारून बघा, मालक.