मरिनाचे दिवे नकोत, रंकाळ्याचं पाणी आधी बघा

कोल्हापुरातल्या रंकाळा तलावाच्या सुशोभीकरणाचा विषय निघाला की आमच्या कोल्हापूरच्या ग्रुपवर कुणीतरी दुबई मरिनाचे फोटो टाकतंच. ‘आपल्याकडं असं कधी होणार?’ मी दुबईत राहतो, सुट्टीच्या संध्याकाळी घरच्यांबरोबर मरिनावर जातो, म्हणून थोडं लिहावंसं वाटलं.

मरिना मला मनापासून आवडते. वाळवंटात खोदलेला सुमारे तीन किलोमीटरचा कालवा, कडेला पीळ घातल्यासारखा उभा असलेला ७५ मजली कायान टॉवर, मॉलमधून बाहेर पडलं की समोर बोटी. पण खरी चैन आहे ती काठाकाठानं जाणारी पायवाट. तिथं गाडी येत नाही, खड्डा नाही, तिकीट नाही. गुडघे दुखणारी आजी आणि बाबागाडी ढकलणारी आई दोघी निवांत चालतात. २०१४ पासून ट्राम आहे, त्यामुळं गाडी लावायची चिंताही नाही. हे जरूर उचला.

फोटोत दिसत नाही ते वेगळंच. तो कालवा दोन्ही टोकांना समुद्राला उघडा ठेवलाय, म्हणजे पाणी आत-बाहेर होत राहतं. रंकाळा तळं आहे. नाल्यातून आलेली घाण तिथंच मुरते आणि जलपर्णी तिच्यावरच पोसते. अशा पाण्यावर कारंजी नाचवून काय साधणार? पहिला रुपया सांडपाणी अडवून शुद्ध करण्यावरच खर्च व्हायला हवा. कुणी पंचगंगेच्या काठाला मरिना करा म्हणतं, तेव्हा तर मला भीती वाटते. २०१९ आणि २०२१ चा महापूर बघितल्यावर नदीकाठी भराव टाकायचा विचार तरी कसा सुचतो?

आणि सुशोभीकरणासाठी रंकाळ्यावरचे खाण्याचे गाडे हटवायची भाषा मला अजिबात पटत नाही. मरिनावर बसून खायचं तर हॉटेलातच, चौघांच्या जेवणाआधी खिसा चाचपावा लागतो. रंकाळ्यावर भेळेचा कागद हातात घेऊन काठावरच्या शालिनी पॅलेसकडं बघत कुणीही तासभर बसतं. रिक्षावाल्याचं कुटुंब आणि डॉक्टरांचं कुटुंब एकाच कठड्यावर. एवढ्या वर्षांत मला इथं दुबईत ते कुठं मिळालं नाही. त्या गाडेवाल्यांना ठरलेली जागा, पाण्याचा नळ, खरकटं टाकायची सोय द्या. चौपाटी स्वच्छ राहील आणि त्यांची चूलही पेटती राहील.