बाल्कनी उगाच बदनाम

आमच्या इंदूरच्या रामबागेतल्या जुन्या वाड्याच्या ग्रुपवर पंधरा दिवसांत एकच मेसेज तीनदा आला. टाकणारे तिघे वेगळे, पण खाली 'खूप उपयुक्त' तिघांनीही लिहिलं. मेसेज थोडक्यात असा: क्रूझवर धुराचा त्रास नको असेल तर बाल्कनीची केबिन घेऊ नका, बाल्कनीत सगळे सिगारेट ओढतात. आतली, बिनखिडकीची केबिन घ्या. बाल्कनी हवीच असेल तर सगळ्यात वरच्या मजल्यावरची घ्या, तिथे धूर पोचत नाही. ई-सिगारेट कुठेही चालते. किनाऱ्यापासून बारा मैल गेलं की कुठलाच कायदा लागत नाही. फारच त्रास झाला तर रिसेप्शनवर सांगा, केबिन बदलून देतात.

हे वाचून आमच्या वहिनींनी एजंटला फोन केला आणि सिंगापूरहून पेनांग-फुकेतला जाणाऱ्या जहाजावरची बाल्कनी सोडून आतली केबिन घेतली. वहिनींना दमा आहे. दादाला सिगारेट लागते, त्यामुळे तो गप्प बसला. मी दोन क्रूझ केल्यात, त्यातली पहिली नाकाला रुमाल लावून. म्हणून हा खटाटोप.

बाल्कनीत सगळे ओढतात, हे दहा-बारा वर्षांपूर्वी बरंचसं खरं होतं. मग २०१४ या एकाच वर्षात रॉयल कॅरिबियन, कार्निव्हल आणि नॉर्वेजियन या तीन मोठ्या कंपन्यांनी बाल्कनीत ओढायला बंदी केली. केबिनमध्येही बंदी आहेच. बंदीमागे शेजाऱ्याच्या नाकाची काळजी असेल, पण त्याहून मोठं कारण आग. २३ मार्च २००६ च्या पहाटे 'स्टार प्रिन्सेस' हे जहाज ग्रँड केमनहून जमैकाकडे जात असताना एका बाल्कनीत आग लागली. तपास करणाऱ्यांच्या मते बहुधा कुणीतरी टाकलेल्या सिगारेटच्या थोटकाने. दोन बाल्कन्यांमधले आडोसे पॉलिकार्बोनेटचे, म्हणजे एका प्लास्टिकचे होते. ते धडाधड पेटत गेले आणि आग बाहेरच्या बाहेर एका मजल्यावरून दुसऱ्यावर चढली. आत अग्निशमनाची सगळी व्यवस्था होती, बाल्कनीत काहीच नव्हतं. धुराने एक प्रवासी गेला. त्यानंतर बाल्कनीतल्या सामानासाठी आंतरराष्ट्रीय नियम बदलले आणि ते १ जुलै २००८ पासून लागू झाले. बोटीवाले थोटकाला का घाबरतात ते यावरून कळावं. इस्त्रीसुद्धा ते सामानातून काढून घेतात.

अपवाद आहेत. जर्मन प्रवाशांसाठी चालणाऱ्या आयडाच्या जहाजांवर बाल्कनीत ओढू देतात. म्हणून आपल्या जहाजाचा नियम वाचायचा, ग्रुपचा नाही.

आता आतल्या केबिनचं. माझी पहिली केबिन आतलीच होती, एजंटने 'सेफ' म्हणून दिलेली. बरोबर खाली कसिनो आणि दाराबाहेर चार पावलांवर जिना. बऱ्याच जहाजांवर छताखाली सिगारेट चालते ती मुख्यतः कसिनोत. तिथला वास जिन्याच्या पोकळीतून वर चढतो, दार उघडलं की पायाशी हजर. रात्री दोनपर्यंत ही येजा. खिडकी नाही, त्यामुळे उघडायचं काय? टॉवेल ओला करून दाराच्या फटीला लावला, आणि सकाळी तो उचलताना हाउसकीपिंगच्या मुलाने माझ्याकडे असं पाहिलं की ओढणारा मीच.

यावर ग्रुपमधल्या एका काकांनी भर घातली की आतल्या केबिनमध्ये सगळ्या जहाजाची हवा फिरते, म्हणून तीही घेऊ नका. म्हणजे बाहेरची नको, आतली नको, आणि तिकीट मात्र काढलेलं! काका, सगळ्या जहाजाची हवा फिरत नाही. आगीच्याच भीतीने प्रवासी जहाजाचे साधारण चाळीस-चाळीस मीटरचे उभे कप्पे पाडलेले असतात. एका कप्प्याच्या हवेच्या नळ्या सहसा त्याच कप्प्यात राहतात, म्हणजे पुढच्या टोकाच्या केबिनची हवा मागच्या टोकाला जात नाही. वास येतो तो नळीतून कमी आणि दारं, जिने, लिफ्ट यांतून जास्त.

वरचा मजला चांगला, हा तर उलटाच सल्ला. उघड्या डेकवर ओढण्यासाठी एक कोपरा राखून ठेवतात, बहुतेक वेळा जहाजाच्या एका बाजूला, बारजवळ नाहीतर पोहण्याच्या तलावापाशी. रॉयल कॅरिबियनच्या बहुतेक जहाजांवर तो उजव्या बाजूला, पण ओएसिस जातीच्या मोठ्या जहाजांवर डाव्या. आता सांगा, त्या डेकच्या सगळ्यात जवळच्या केबिन कुठल्या? वरच्या मजल्याच्याच. डोक्यावर कट्टा, राख आपल्या बाल्कनीत, आणि पहाटे पाचला खुर्च्या ओढण्याचा आवाज फुकट. शिवाय जहाज कलतं तेव्हा वरच्या मजल्याला झोका मोठा लागतो. भेरूघाटाच्या वळणांतून बसच्या शेवटच्या सीटवर बसून खंडव्याला गेलेल्याला पुढच्या-मागच्या टोकाच्या झोक्याचं वेगळं सांगायला नको. मळमळ होणाऱ्याने मधल्या भागातली, खालच्या मजल्यावरची केबिन बघावी.

धूर कुठे जाईल याचा अंदाज बांधता येतो, आणि मला तरी हीच गोष्ट कामाची वाटते. जहाज १८ नॉटने, म्हणजे ताशी साधारण ३३ किलोमीटरने चाललं की डेकवर वारा बहुतेक वेळा पुढून मागे वाहतो. मग ओढण्याच्या कोपऱ्याच्या मागे, त्याच बाजूला ज्यांच्या बाल्कन्या, त्यांच्या वाट्याला धूर. कोपऱ्याच्या पुढच्या किंवा पलीकडच्या बाजूच्या केबिनला जवळपास काही नाही. नांगर टाकला तरी, फुकेतला पाटोंगसमोर टाकतात तसा, जहाज साधारणपणे वाऱ्याकडे तोंड करून उभं राहतं आणि हिशेब तोच राहतो. धक्क्याला लागल्यावर मात्र वाऱ्याच्या मनात येईल तिकडे. आणखी एक, केबिनचं आणि बाल्कनीचं दार एकदम उघडं ठेवू नका. पॅसेजमधली हवा खेचली जाते, किंवा बाहेरचा धूर आत येतो.

ई-सिगारेटचं दोन वाक्यांत उरकतो. बहुतेक जहाजांवर तिला सिगारेटचेच नियम लावतात, आणि भारतात २०१९ पासून तिच्या विक्री-साठवणुकीवर बंदी आहे. सिंगापुरात तर २०१८ पासून जवळ बाळगणंही गुन्हा आहे. दादा, तुझ्यासाठी वेगळं: सिंगापुरात सिगारेटला ड्यूटी-फ्री सवलत अजिबात नाही, पाकीट नेलंस तर विमानतळावर जाहीर करून कर भरावा लागेल.

बारा मैलांचा कायदा ज्याने शोधला त्याला नमस्कार. बारा सागरी मैल म्हणजे सुमारे २२ किलोमीटर, ती किनाऱ्याच्या देशाची हद्द. त्यापुढे जहाजावर ज्या देशाचा झेंडा, त्याचा कायदा चालतो. सिगारेटपुरता त्याहून जवळचा कायदा म्हणजे तिकिटाचा करार. आपल्याकडे सार्वजनिक ठिकाणी ओढलं तर २०० रुपयांपर्यंत दंड आहे. राजवाड्याभोवती तो भरताना मी अजून कुणाला पाहिलं नाही. जहाजावर २५० ते ५०० डॉलर, कंपनीप्रमाणे, थेट तुमच्या खात्यावर चढतात, आणि ऐकलं नाही तर पुढच्या बंदरात उतरवण्याचा हक्क कॅप्टनला करारानेच असतो. म्हणून तक्रार जरूर करा. दार क्रमांक आणि वेळ सांगितली की माणूस येतो. दुसऱ्या क्रूझवर शेजारच्या बाल्कनीतला धूर माझ्या एका फोनने थांबला होता.

केबिन बदलून देतात? रिकामी असली तर. सुट्टीच्या दिवसांत जहाज भरून निघतं, तेव्हा रिसेप्शनवरची मुलगी हसून 'सॉरी' म्हणते. स्वस्तातल्या 'गॅरंटी' केबिनमध्ये तर क्रमांक कंपनी ठरवते, तुम्हाला निवडच नसते. दम्याच्या माणसाने तेवढे पैसे वाचवू नयेत.

काल संध्याकाळी वहिनींनी एजंटकडून डेक प्लॅन, म्हणजे जहाजाच्या मजल्यांचा नकाशा, मागवला आणि जेवणाच्या टेबलावर पसरला. लाल पेनाने कसिनो, बार आणि ओढण्याचा कोपरा गोल केला. मग त्याच्या पलीकडच्या बाजूला, मधल्या भागातली, वर-खाली नुसत्या केबिनच असलेली एक बाल्कनी निवडली. एजंट म्हणाला, जास्तीचे पैसे पडतील. दादा तेवढ्यात बोटाने प्लॅनवर काहीतरी मोजत होता. विचारलं तर म्हणाला, "हिच्या केबिनपासून त्या लाल गोलापर्यंत जायचं तर दोन जिने आणि अख्खी रुंदी. दिवसाला दहा वेळा कोण जाणार?"

वहिनी म्हणाल्या, "मग तीनदा जा."